उमेळ्याच्या बावखलातली टिकली

फिलूचा फोन आला तेव्हा मी नववीच्या चाचणीचे पेपर तपासत होते. कशी आहेस, बरी आहेस, असलं काही नाही. "सोमवारी आमचं बावखल बुजवतायत," ती म्हणाली. "तुझे ते मासे न्यायचे असतील तर त्याआधी ये."

फिलू म्हणजे फिलोमिना, माझी कॉलेजातली मैत्रीण. वसईजवळच्या उमेळे गावात तिच्या वडिलांची वाडी. केळी, पानवेली, थोडी फुलझाडं. मी तेव्हा आईवडिलांबरोबर वसई रोडला फ्लॅटमध्ये राहायचे आणि सुट्टीचे निम्मे दिवस त्या वाडीत काढायचे. पुढे लग्न होऊन नाशिकला आले, शाळेत जीवशास्त्र शिकवू लागले, आईवडील गेले, फ्लॅट विकला. वसईला जायला कारणच उरलं नाही. फिलूशी नातं उरलं ते दिवाळी-नाताळच्या मेसेजपुरतं.

या ब्लॉगवर तुम्ही गड, घाट आणि धबधबे वाचायला येता हे मला माहीत आहे. या वेळी त्यातलं काहीच नाही. हा प्रवास मी करंगळीएवढ्या एका माशासाठी केला, आणि परत आले तेव्हा माझ्याविषयीच एक वाईट गोष्ट घेऊन आले. ज्यांना समुद्रकिनारा आणि रिसॉर्टची माहिती हवी आहे त्यांनी इथेच थांबलं तरी मी रागावणार नाही.

आधी बावखल म्हणजे काय ते सांगते. विहिरीपेक्षा मोठं आणि तळ्यापेक्षा लहान असं, वाडीत खणलेलं गोड्या पाण्याचं कुंड. पूर्वी त्यावर रहाट चालायचे. पावसाचं पाणी बावखलात साठतं, तिथून जमिनीत मुरतं, आणि त्यामुळे समुद्र इतक्या जवळ असूनही वसईच्या विहिरी गोड राहिल्या. या बावखलांत एक छोटा मासा असायचा. फिलूच्या घरात त्याला टिकली म्हणायचे. वरून पाहिलं की डोक्याच्या मधोमध एक चंदेरी ठिपका चमकतो, म्हणून टिकली. पुस्तकांत या माशांना किलीफिश म्हणतात. नाव ऐकून वर्गातली मुलं दचकतात, पण त्याचा मारण्याशी काही संबंध नाही. डच भाषेत ओढ्याला ‘किल’ म्हणतात, त्यावरून ते आलं.

टिकलीचं डोकं वरून चपटं आणि तोंड आभाळाकडे वळलेलं. खालच्या पाण्याशी तिला फारसं देणंघेणं नसतं. अगदी वरच्या थरात, तरंगत्या पानाच्या कडेला, वाळक्या काडीसारखी निपचित पडून राहते. डासाची अळी वळवळली किंवा एखादी मुंगी पाण्यात पडली, की झडप. नराच्या अंगावर सोनेरी खवल्यांच्या ओळी असतात. मादीच्या पाठीवरच्या पराच्या मुळाशी काळा डाग असतो. गोडं पाणी असो की खाडीलगतचं मचूळ, दोन्हीत ती राहू शकते. फक्त अंड्यांच्या बाबतीत तिचं एक मागणं असतं. ती एका दमात ढीगभर अंडी घालत नाही. रोज मोजकीच घालते, आणि पाण्यात लोंबणाऱ्या मुळांना, शेवाळाला एकेक करून चिकटवते. काठावर झाडं हवीत, त्यांची मुळं पाण्यात उतरलेली हवीत. एवढंच.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून निघाले. गाडीत झाकणाच्या दोन बादल्या, हातजाळी, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि एक काचेची बरणी. झाकण विसरून चालत नाही, कारण हा मासा उडी मारण्यात पटाईत. नाशिकहून कसारा घाट उतरून भिवंडीपर्यंत रस्त्याची तक्रार नाही. शहापूरच्या अलीकडे पोट भरून घ्या, कारण अंजूर फाट्यापासून कामणमार्गे चिंचोटीपर्यंतच्या रस्त्यावर भूक मरते. पाऊस संपून दीड-दोन महिने झाले होते तरी खड्डे जागच्या जागी होते. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि मध्ये मी, मांडीवर रुमाल टाकून धूळ झटकत. तुम्ही येणार असाल तर हा टप्पा सकाळी लवकर उरका.

वसई फाट्यावरून आत वळले आणि उमेळ्यात पोचल्यावर चक्क हरवले. ज्या वळणावर चिंचेचं झाड होतं तिथे सात मजली इमारत उभी होती, नाव ‘ऑर्चर्ड व्ह्यू’. तिच्या समोर तशीच दुसरी. दोघींना एकमेकींचाच व्ह्यू. शेवटी फिलू स्कूटरवरून मला न्यायला आली. केस पिकलेले, बँकेचं ओळखपत्र गळ्यातच. मिठी मारली, पण घाईघाईने, जणू कोणीतरी वाट बघतंय.

"कोणाला विकली वाडी?" मी गाडीच्या खिडकीतून विचारलं.

"लग्नाचा हॉल करणार आहेत. बावखलाच्या जागी पार्किंग." स्कूटर सुरू करत ती म्हणाली, "सह्या आम्ही तिघांनीही केल्यात. दोन भाऊ आणि मी. तू काही बोलायच्या आत सांगते."

"आणि काका?"

"पप्पांचीही सही आहे. आता एकट्याने वाडी होत नाही त्यांच्याने. पुढच्या आठवड्यात माझ्याकडे राहायला येतायत. चौथा मजला, लिफ्ट आहे."

पास्कूकाका, म्हणजे फिलूचे वडील, ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. ऐंशी पार केलेला माणूस, पण पाठ ताठ. घरात त्यांची आपली बोली चालते. माझ्याशी मात्र ते पहिल्यापासून शाळेतली मराठी बोलतात, शब्द मोजून टाकल्यासारखी. "आलीस," म्हणाले. "पाणी आहे अजून. जा, बघून घे."

बावखल पाहून बरं वाटलं. काठोकाठ भरलेलं, एका बाजूने केवड्याची आणि परसभेंडीच्या मोठ्या झाडाची मुळं पाण्यात उतरलेली, दुसऱ्या बाजूने केळीची सावली. मी सलवार दुमडली, पायऱ्या उतरले, मुळांच्या जवळून हळूच जाळी ओढली. जाळीत सात-आठ मासे वळवळत होते. करडे, बोथट, फुगीर पोटाचे. एकाच्याही डोक्यावर ठिपका नव्हता.

दुसऱ्यांदा ओढली. पुन्हा तेच. मग बावखलाच्या चारही बाजूंनी, मुळांखाली, पानांखाली, पायरीच्या कपारीत, ऊन कलेपर्यंत जाळी ओढत राहिले. फिलू काठावर बसून बघत होती.

"गप्पीच आहेत सगळे," ती म्हणाली.

"गप्पी नाहीत. गंबुशिया."

"तेच ते. तूच सोडलेले."

हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. फोनवर फिलू ‘तुझे ते मासे’ म्हणाली तेव्हा मी समजले होते की ती टिकल्यांबद्दल बोलतेय. शेवटच्या वर्षाला माझा प्रकल्प टिकल्यांवर होता. दोन महिने मी या पायऱ्यांवर वही घेऊन बसले होते. पण त्याच वर्षी कॉलेजाने हिवतापाविरुद्ध मोहीम काढली. डासांच्या अळ्या खाणारे मासे प्लास्टिकच्या पिशव्यांतून वाटायचे, विहिरीत आणि बावखलात सोडायचे. सगळे त्यांना गप्पी म्हणत. होते गंबुशिया, अमेरिकेतून आलेले. उमेळ्याच्या गटाची प्रमुख मी होते. फिलू माझ्याबरोबर होती, पण पिशवी माझ्या हातात होती.

पास्कूकाका तेव्हा वाफ्यात काम करत होते. हात पुसत आले आणि म्हणाले, "आमच्याकडे नको. आमच्या बावखलात डास होत नाहीत. टिकल्या आहेत ना."

मी हसले होते. मला ते हसणं अजून आठवतं. मी त्यांना समजावलं की हे मासे जास्त खातात, लवकर वाढतात, अंडी न घालता थेट पिल्लंच देतात. सगळं खरं होतं. पण दुसरंही एक खरं होतं आणि ते मी ग्रंथालयात वाचलेलं होतं. हे मासे नुसत्या अळ्या खात नाहीत. दुसऱ्या माशांची अंडी खातात, पिल्लं खातात, मोठ्यांचे पर कुरतडतात. जिथे सोडले तिथले स्थानिक मासे गेले, असं त्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं. मी ते वाचून पान उलटलं, कारण मोहिमेचं प्रमाणपत्र मिळणार होतं आणि गटप्रमुखाने कुरकुर केलेली कोणाला आवडली नसती. मी पिशवीची गाठ सोडली. कोणीतरी फोटो काढला. काका पुन्हा वाफ्यात गेले.

रोज दोन-चार अंडी मुळाला चिकटवून निघून जाणारी मादी, आणि भोवती दिवसभर मुळं टोचत फिरणारी भुकेली टोळी. हे गणित पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सुटेल.

ओट्यावर परत आले तेव्हा फिलूने चहा केला होता, बशीत सुकेळी ठेवली होती. ती केळी वाळवून करतात, वसईला आलात तर मागून घ्या, मिळाली तर. मी कप हातात धरून काकांना सांगितलं. सगळं सांगितलं, त्या पानासकट. वाटलं होतं ते म्हणतील, अगं जाऊ दे, लहान होतीस.

"मला दुसऱ्याच वर्षी कळलं," ते म्हणाले. "टिकल्यांच्या शेपट्या खाल्लेल्या दिसायच्या. मग मोठ्याच दिसायला लागल्या, पिल्लं नाहीत. मग त्याही नाहीत."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"कधी सांगू? तू पहिली आलीस म्हणून पेढे घेऊन आली होतीस."

फिलूने कप उचलून नेले. मला वाटलं बोलणं संपलं, पण काकांचं संपलं नव्हतं. "मी सातवी शिकलेलो. तू कॉलेजात. मी म्हटलं, हिला माहीत असेल."

त्या रात्री फिलूच्या फ्लॅटवर जेवायला इंद्याल होता आणि फुगे होते, आंबट-तिखट मटण आणि तळलेले गोल पाव. मी इतक्या वर्षांत खाल्ले नव्हते. चव तीच होती. मी दुसरा फुगा घेतला नाही हा स्वयंपाकाचा दोष नाही.

शनिवारी सकाळी फिलू म्हणाली, "एकाच बावखलावरून काय ठरवतेस? पापडीला बघू, राजोडीला बघू. वसई अजून संपली नाही." तिने रजा टाकली होती. तिलाही काहीतरी हवं होतं असं मला वाटलं, पण मी विचारलं नाही.

पापडीला गाडी नेऊ नका, गल्ल्या अरुंद आहेत. आम्ही स्टेशनबाहेरून शेअर रिक्षा केली आणि चर्चच्या अलीकडे उतरलो. इथे जुन्या वाड्या आहेत, सावली आहे, सकाळी फिरायला गाव अजूनही देखणं आहे. पहिलं बावखल सापडलं, आणि ते सुशोभित झालेलं होतं. चारही कडा सिमेंटच्या, वर फरशी, मध्ये कारंजं, बाकडी. पाणी हिरवंगार आणि त्यात एकही मूळ नाही. बाकड्यावर एक गृहस्थ पेपर वाचत होते. मी जाळी काढल्यावर त्यांनी चष्मा वर केला.

"मॅडम, मासे पकडायला बंदी आहे इथे."

"पकडत नाही, बघतेय फक्त."

"बघण्यासारखं काय आहे? ते सोडलेत ना, डासांसाठी," ते म्हणाले, आणि हाताने पायावरचा डास मारला.

दुसरं बावखल एका बंगल्याच्या आवारात होतं. मालकीणबाईंनी प्रेमाने आत घेतलं, लिंबू सरबत दिलं आणि मग सांगितलं की बावखल मागच्याच वर्षी भरून घेतलं, मुलांच्या गाड्या ठेवायला जागा नव्हती. जागेवर लावलेल्या जाळीदार फरशा दाखवल्या. "यातून पाणी मुरतं बरं का," त्या म्हणाल्या. माणूस चांगला असला की राग कुठे काढायचा ते कळत नाही.

दुपारी गाडी घेऊन राजोडी. शनिवार-रविवारी इथे येणार असाल तर अकराच्या आत या, नंतर गाडी लावायला जागा नाही. सुरूच्या झाडांखाली एका मावशीकडे तळलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी खाल्ली, आणि या सबंध प्रवासात मनापासून शिफारस करावी अशी तीच एक गोष्ट. किनाऱ्यामागे पूर्वी एक ओहोळ होता, भरतीचं पाणी आत यायचं, काठाला गवत असायचं. तिथे मी एकदा टिकल्यांचा थवा पाहिलेला. आता ओहोळ रिसॉर्टच्या भिंतीखालून पाइपातून जातो. भिंतीपलीकडे पोहण्याचा तलाव आणि सिमेंटच्या दगडांवरून पडणारा धबधबा. त्याच्यासमोर उभी राहून एक बाई फोनवर कोणाला तरी सांगत होती, "अगं, काय नॅचरल आहे इकडे सगळं! तुम्ही पण या ना."

फिलू खळखळून हसली. मग हसू थांबलं आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. "शुभा, तुला वाटतं मला वाईट वाटत नाही? वाडीत कोण काम करणार होतं? मी? बँकेतून आल्यावर?"

"मी कुठे काय म्हटलं?"

"कालपासून तू काही म्हणत नाहीयेस, तेच."

तिने बावखल बुजवायला सही केली होती. त्यातले मासे मी आधीच संपवले होते. दोघींमध्ये कोणी कोणाला बोलायचं?

परतताना तिनेच सुचवलं की नायगावच्या बाजूच्या मिठागरांकडे एकदा जाऊन बघू. चार वाजले असतील. मिठाचा हंगाम सुरू झाला नव्हता, वाफे पाण्याने भरलेले, त्यांच्यावर आभाळ पडलेलं. बांधावर एक म्हातारे गृहस्थ फावड्याने चिखल चढवत होते. नाव काशिनाथ. आयुष्य मिठागरावर गेलेलं. जाळी बघून त्यांनी हाक मारली.

"काय शोधतंस बाय? कोलंबी नाय मिलनार आता."

मी त्यांना माशाचं वर्णन सांगितलं. डोक्यावरच्या ठिपक्यावर आले तसे ते मान हलवू लागले.

"हाय की. त्या चरात हाय. पलीकडं, जिथं शेताचं गोडं पानी येतं आनी भरतीचं पन लागतं."

"तुम्ही काय म्हणता हो तिला?"

"कायपन नाय. खायाची नाय, इकायची नाय, तिला नाव कोन ठेवतंय?"

चर म्हणजे जेमतेम हातभर रुंद. कडेला लव्हाळं, त्याची मुळं पाण्यात. मी बांधावर पालथी झोपले आणि डोकं पुढे काढून बघितलं. बराच वेळ काहीच दिसलं नाही. मग ज्याला मी काडी समजत होते ती काडी सरकली. उन्हात चंदेरी ठिपका लुकलुकला. त्याच्या मागे आणखी एक.

मी ओरडले असणार, कारण फिलू धावत आली. तीही शेजारी पालथी झाली, चांगल्या कपड्यांत. आम्ही दोघी तशाच पडून राहिलो. एक नर मादीच्या बाजूने थरथरत होता, दोघं लव्हाळ्याच्या मुळाला अंग घासत गेले, आणि ती पुढे निघून गेली तेव्हा मुळावर एक मणी राहिला होता, साबुदाण्याच्या कणाहूनही लहान, काचेसारखा. वीस-बावीस वर्षांनी मी ते पुन्हा पाहत होते. या प्रवासात आनंदाची म्हणावी अशी ती काही मिनिटं.

काशिनाथमामा मागे येऊन उभे राहिले. "न्यायची तर ने," म्हणाले. "ह्यो चर बी जानार. ते बांबू दिसतान ना लाल फडक्याचे, तितून भरनी येनारे. पावसाच्या आदी."

मी बघितलं. बांबू चराच्या दोन्ही बाजूंना होते. एका टोकाला डेब्रिजचे ढीग पडलेच होते, त्यात कोणाच्या तरी मोरीच्या निळ्या टाइल्स.

रानातला प्राणी उचलून घरी नेऊ नये, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. पाच टिकल्या धरल्या, दोन नर, तीन माद्या, आणि चराचंच पाणी बादलीत भरून घेतलं. मामांना काही देऊ केलं तर ते रागावले. "त्याचं काय घ्याचं?"

रविवारी सकाळी चर्चमधली मिसा सुटल्यावर उमेळ्याला गेले. मला काकांना टिकली दाखवायची होती. खरं सांगायचं तर मला त्यांच्याकडून काहीतरी हवं होतं. नरांपैकी एक बरणीत घेतला आणि त्यांच्या हातात दिला. ते चर्चचे पांढरे कपडे घालूनच खुर्चीत बसले होते. त्यांनी बरणी गुडघ्यावर ठेवली, वरून बघितलं, मग उन्हात धरली. पाणी हललं नाही इतक्या बेताने.

"कुठे मिळाली?"

सांगितलं. ते उठले, बरणी घेऊन बावखलाकडे चालू लागले. मी मागोमाग. पायरीवर थांबून त्यांनी बरणी माझ्यापुढे केली.

"सोड."

"काका, उद्या इथे डंपर येणार."

"उद्या. आज आहे ना पाणी. आज आणि रात्र. सोड, मला एकदा बघू दे."

"आत गंबुशिया आहेत. हिला जगू देणार नाहीत. आणि माझ्याकडे पाचच आहेत."

ते माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता चेहऱ्यावर, राग असता तर बरं झालं असतं. "तेव्हा मी नको म्हणालो तर सोडलेस," ते म्हणाले. "आज सोड म्हणतो, तर नाही म्हणतेस. बावखल आमचं, बाय."

माझं उत्तर बरोबर होतं. आजही बरोबरच वाटतं. पाचांतला एक नर त्या पाण्यात टाकणं म्हणजे म्हाताऱ्याच्या एका सकाळसाठी तो वाया घालवणं. हे सगळं मनात अगदी नीट मांडलेलं होतं. मी बरणी त्यांच्या हातातून घेतली. घ्यावी लागली, त्यांनी दिली नाही. बोटं एकेक करून सुटली.

फिलूने गाडीपर्यंत सोडलं. डब्यात इंद्याल बांधून दिला होता. "पप्पांचं मनावर घेऊ नकोस," ती म्हणाली, आणि आम्हा दोघींनाही ठाऊक होतं की घ्यायचंच आहे. परतीच्या वाटेवर मी एसी बंद ठेवला, दर तासाला थांबून पंप बघितला. पाचही नाशिकला जिवंत पोचल्या.

सोमवारी डंपर आले. फिलूने फोटो पाठवला नाही, मीही मागितला नाही. तिने एवढंच सांगितलं की काका सकाळपासून ओट्यावर खुर्ची टाकून बघत बसले, बाराला जेवले, पुन्हा येऊन बसले. संध्याकाळी उठले आणि म्हणाले, चल, तुझ्याकडे जाऊ.

माझ्या घरच्या टाकीत मी लोकरीचे धागे सोडले, मुळांसारखे. तिसऱ्या दिवशी पहिलं अंडं दिसलं. मग रोज एक-दोन. मोठ्या टिकल्या स्वतःचीच पिल्लं खातात, म्हणून धागे वेगळ्या भांड्यात हलवले. पंधरा दिवसांच्या आत पिल्लं बाहेर आली, डोळे आणि काचेची शेपटी, आणि बाहेर पडल्या क्षणापासून पाण्याच्या वरच्या थरात. शाळेतली मुलं बघून गेली. सहकारी म्हणाले, वा, तू तर वाचवलंस! मी त्यांना काही सांगितलं नाही. हे लिहून झाल्यावर कदाचित ते वाचतील.

आता माझ्याकडे तीसेक टिकल्या आहेत आणि टाक्यांना जागा नाही. मागच्या आठवड्यात फिलूला फोन केला. विचारलं, वसईत एखादं बावखल शोधता येईल का, कच्च्या काठाचं, ज्यात गंबुशिया नसतील. एखादी विहीर, एखादा चर, काहीही. मी सगळ्या आणून देते.

तिच्या मागे टीव्हीचा आवाज येत होता. मग तिने रिसीव्हरवर हात ठेवावा तसा फोन बाजूला धरून काकांना विचारलं, त्यांच्या बोलीत. त्यांचं उत्तर मला ऐकू आलं, पण समजलं नाही.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, हिला विचार, बाल्कनीत बादली ठेवली तर चालेल का."

मी हो म्हटलं. येत्या शनिवारी सहा टिकल्या घेऊन वसईला जातेय, चौथ्या मजल्यावर.